बोजा आपोआप उतरत नाही

"पैसे दवाखान्यालाच गेले ना? मग त्यात सरकारला सांगायचं काय?" अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांत हा युक्तिवाद भलताच लोकप्रिय आहे. विषय एचएसएचा, म्हणजे उपचारांसाठी करमुक्त पैसे साठवायच्या खात्याचा. २००४ पासून तिथे ही सोय आहे. वर्षभर त्यातून औषधांचे पैसे द्यायचे आणि रिटर्नमध्ये खात्याचा उल्लेखच नाही! कुणी लक्षात आणून दिलं तर वर सल्ला: "कशाला उकरून काढता? नोटीस आली की बघू."

मला हा सल्ला साफ अमान्य आहे.

आमच्या कोरीटच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सोसायटीचं कर्ज पै न् पै फेडलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. तोवर कागदावर तुम्ही कर्जदारच!

एचएसएचंही तसंच. खातं सांभाळणारी बँक कर खात्याला एवढंच कळवते, की अमुक डॉलर काढले. ते दवाखान्यात गेले की टीव्हीत, हे सांगायचं काम तुमचं, आणि त्याची जागा फॉर्म ८८८९. तो जोडलाच नाही तर काढलेली सगळी रक्कम करपात्र धरली जाऊ शकते. शिवाय ६५ वर्षांखालच्यांना २० टक्के जादा कर. म्हणजे १,५०० डॉलर खरोखर औषधांवर घालवूनही ३०० डॉलरचा भुर्दंड, नेहमीचा कर वेगळाच...

उपाय सरळ आहे. १०४०-एक्स हा सुधारित रिटर्न भरा, त्याला ८८८९ जोडा, बिलं जपून ठेवा. कर निघालाच तर लवकर भरलेला बरा, व्याज तरी थांबतं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्यं एचएसएची सवलत मानत नाहीत, तेव्हा तिथल्यांनी राज्याचा रिटर्नही तपासावा.

आणि एक गंमत. स्वतःच्या खिशातून खात्यात पैसे भरले आणि वजावट घ्यायची राहिली, तर उलट सरकारच तुमचं देणं लागू शकतं! पण परतावा मागायची मुदत सहसा मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं. "तुमचे पैसे आमच्याकडे राहिलेत, घेऊन जा" अशी नोटीस येईल म्हणून वाट बघणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

याला कुणी व्यवहारचातुर्य म्हणत असेल तर म्हणो. मी त्याला आळस म्हणतो, आणि तो महाग पडतो.