गिनीपिगला दाणे नकोत, गवत द्या

'आम्हाला काय गिनीपिग समजलात का?' असं आपण सरकारला उठसूट विचारतो. आज जरा खऱ्या गिनीपिगचं बोलू या.

आमच्या प्रभादेवीत कुत्र्याला सोसायटीची कटकट, मांजराला आजीचा विरोध, म्हणून मुलांच्या वाढदिवसाला गिनीपिग आणणारी घरं मी बरीच पाहते. दुकानदार सोबत काय देतो? पिंजरा, लाकडाचा भुसा आणि रंगीबेरंगी दाण्यांचं पाकीट. गवताचं नाव नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे, आणि यावर मी भांडायला तयार आहे: या प्राण्याच्या दातांचं दुखणं बहुतेक वेळा त्या पाकिटातून घरात येतं.

गिनीपिगला २० दात असतात. पुढचे ४, बाकी १६ दाढा. सगळेच जन्मभर वाढतात. ते झिजतात कशाने, तर तासन् तास चरबट गवत चघळल्याने. दाणे दोन चाव्यांत फुटतात, दाढ झिजत नाही. मग खालच्या दाढा आत झुकतात आणि जिभेवर चक्क पूल बांधतात. वरच्या गालात रुततात. प्राणी भुकेला असतो, वाटीपाशी येतो, हुंगतो, पण गिळता येत नाही. हनुवटी लाळेने ओली राहते. घरचे म्हणतात, 'उन्हाळा आहे, नखरे करतोय.' खाणं थांबलं की एक-दोन दिवसांत आतडंही थंडावतं.

आमच्याच सोसायटीत एका घरी हेच झालं. एका दवाखान्यात पुढचे दात नेलकटरने कापून, 'आता खाईल' म्हणून परत पाठवलं. अहो, नेलकटरने दात उभा चिरतो! आणि दाढा कुणी पाहिल्याच नाहीत. त्या दुर्बिणीशिवाय धड दिसत नाहीत. नीट घासायच्या तर भूल द्यावी लागते. चौथ्या दिवशी तो गेला. सातवीतली मुलगी अजून पिंजरा हलवू देत नाही.

'पिंजऱ्यापेक्षा स्वस्त प्राणी, त्याच्यावर एवढा खर्च?' हा प्रश्न मला नेहमी ऐकवतात. हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायचा असतो हो. नीट सांभाळलं तर हा जीव पाच ते आठ वर्षं जगतो. आणि गवत काय सोन्याचं आहे? देवळाबाहेर गाईला पेंडी घालून पुण्य घेणारे आपण, घरच्या प्राण्याला मात्र दाणे! सुकं गवत दिवसभर समोर हवं, दाणे चिमूटभर पुरे. शिवाय माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते कमी पडलं की दातांची पकड ढिली होते. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्या.

आता दुकानदारांकडे वळते. केंद्राच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांत 'पाळीव प्राणी' कोण, या व्याख्येत गिनीपिगचं नाव छापलेलं आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी सक्तीची आहे. किती ग्राहक ते प्रमाणपत्र मागतात? कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये दादरात केवढं रण माजलं! त्यातला शंभरावा हिस्सा आवाज इथे लागला, तर प्रत्येक पिंजऱ्यावर 'गवत आवश्यक, दाढा तपासून घ्या' ही पाटी लावायला किती वेळ लागेल?

आपल्या हाकेच्या अंतरावर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला टाटांचं नवं रुग्णालय झालंय. कुठेही न्या, पण आधी फोनवर एवढंच विचारा: 'गिनीपिगच्या दाढा तपासता का? भूल देता का?' 'पुढचे दात कापून देतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

'उंदीरच तो शेवटी' लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. ज्यांच्या घरी गिनीपिग आहे, त्यांनी आज त्याला किचनच्या काट्यावर ठेवा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. पुढच्या रविवारी परत. वजन उतरलेलं दिसलं तर सोमवारची वाट बघू नका.