थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांनो...

डिसेंबरात सुट्टीला आमगावला गेलो होतो. विदर्भातल्या थंडीची बातमी आली की सगळ्यात कमी तापमान अनेकदा गोंदियाचंच असतं, आणि आमगाव तिथून जेमतेम २५ किलोमीटर. सकाळी सातला बाबांची गाडी काढली. गोंदिया आलं तरी तापमानाचा काटा वर चढेना, हीटरमधून गार वारा! "थंडीच आहे रे," इति बाबा. शेजारचे काका म्हणाले, रेडिएटरपुढे पुठ्ठा लाव.

मी पडलो इंजिनियर. ओबीडीला डाँगल लावून मोबाईलवर आकडे बघितले. उभ्या गाडीत ७८ अंश, रस्त्याला लागलं की घसरून ६०. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन सुरू केलं आणि (पंख्यापासून हात लांब ठेवून) रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला. थर्मोस्टॅट धड असेल तर इंजिन ८०-८५ अंशांवर जाईपर्यंत हा पाइप गारच राहतो, मग भराभर तापतो. आमचा पहिल्यापासून इंजिनबरोबरच कोमट होत गेला. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा... मुळात नाहीच!

मेकॅनिकला विचारलं. "उन्हाळ्यात गाडी तापत होती ना जी, म्हणून काढून टाकला. आपल्या इकडं काय काम त्याचं?"

हे "आपल्या इकडं थंडीच कुठे असते" मी पुण्यातही ऐकलंय. अहो, थर्मोस्टॅट गाव बघून बसवत नाहीत! बाहेर मे असो की डिसेंबर, इंजिनला आत ९० च्या आसपास तापमान हवंच. गार इंजिनला ईसीयू जास्त पेट्रोल पाजतो, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, मायलेज पडतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापणार!

वाटेत अडकलात तर काढा, हरकत नाही. पण नंतर नवा बसवा, आणि गाडी मुळात का तापत होती तेही शोधा. आमच्याकडे कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी. रेडिएटर क्षाराने चोंदलेला. तो दोष दोन वर्षं झाकला गेला आणि पेट्रोलचा भुर्दंड बाबांनी भरला.

मेकॅनिकला हसू नका मंडळी. टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच कॉमेंट करून शुक्रवारी रिलीज करणारे आपणच ना?

असो. रेडिएटर साफ केला, काही शे रुपयांचा थर्मोस्टॅट बसवला. "अरे, हीटर चालतो की हा!" इति बाबा. तुम्हीही उद्या सकाळी पाइपला हात लावून बघा.