बरे होणार नाही, म्हणून सेवा थांबत नाही

‘आता घरी न्या, आमच्या हाती काही उरले नाही.’ असाध्य आजार झालेल्या बालकाच्या आईवडिलांना हे वाक्य ऐकावे लागते, तेव्हा उपचारांबरोबर बहुधा सेवाही संपते. हे कुटुंब शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावचे असेल, तर मोठे रुग्णालय दोन-अडीच तासांवर पुण्यात राहते. मध्यरात्री लेकरू वेदनेने तळमळू लागले तर त्या माउलीने कोणाला विचारावे? दरवर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक हॉस्पिस व उपशामक सेवा दिन पाळला जातो. त्या निमित्ताने या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कागदावर वाट मोकळी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी केंद्र शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही आला. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन रुग्णांसाठी मॉर्फीन मिळवण्यातील अनेक परवान्यांची कटकट कमी झाली. गावपातळीवरील आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांतही उपशामक सेवेचा समावेश आहे. परंतु मॉर्फीन ठेवण्यासाठी मान्यताप्राप्त संस्था आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतो. तो जवळपास नसेल, तर कायद्याने दिलेला दिलासा बालकाच्या अंथरुणापर्यंत पोहोचत नाही. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे. पण निमोण्याहून तेथे जायचे तर अख्खे पुणे शहर ओलांडावे लागते.

ग्रामीण भागात हे अशक्य आहे काय? तसे नाही. २०१० पासून काही वर्षे महाराष्ट्रात बालकांच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प राबवला गेला, आणि त्याचे एक केंद्र जव्हारच्या आदिवासी भागातील शासकीय रुग्णालयात होते.

या सेवेचा कणा परिचारिका असते. मूल वेदना शब्दांत सांगू शकत नाही. चेहऱ्यावरून, रडण्यावरून, खेळणे थांबल्यावरून ती ओळखावी लागते. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फीन ठरावीक वेळांनी द्यायचे असते; वेदना असह्य होण्याची वाट पाहायची नसते. कूस कशी बदलावी, ओठ ओले कसे ठेवावेत, भूक नसलेल्या लेकराला बळजबरीने का भरवू नये, हे ती आईला शिकवते. दुर्लक्षित झालेल्या भावंडालाही ती जवळ घेते.

अनेक भाविकांच्या मनात शंका असते की, असे औषध देणे म्हणजे मृत्यू जवळ आणणे नव्हे काय? ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या ‘इव्हांजेलियुम व्हिते’ या परिपत्रकात सांगितले की, मृत्यू हा हेतू नसताना वेदनाशमन करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे, मग त्याने आयुष्य काहीसे कमी होण्याची शक्यता असली तरीही. सप्टेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘समारितानूस बोनूस’ या पत्रात बालकांच्या उपशामक सेवेवर स्वतंत्र विवेचन आहे. दयामरण वेगळे आणि वेदनाशमन वेगळे. आपल्या वेदना स्वेच्छेने प्रभूला अर्पण करणारा प्रौढ वंदनीय खरा; पण बालकाच्या वतीने ती निवड करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मृत्यूनंतर कुटुंब एकाकी पडते. ‘देवाला फुले आवडतात’ असे म्हणून आपण सांत्वन केल्याचे समाधान मानतो. त्या आईला मात्र आपले मूल देवाने हिरावून नेले असेच वाटते. लाझरसच्या कबरीपाशी प्रभू येशूनेही अश्रू ढाळले. शोक करणे म्हणजे अविश्वास नव्हे. स्नानसंस्काराविना दगावलेल्या बालकांच्या पालकांना आम्ही विशेषत्वाने सांगू इच्छितो की, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे आंतरराष्ट्रीय ईशशास्त्रीय आयोगाने २००७ साली म्हटले आहे. पालकांचा स्नानसंस्काराचा मानस असेल, तर बिशपांच्या अनुमतीने त्या बाळाचा अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने करता येतो.

मुंबईत वांद्रे येथील शांती अवेदना सदन हे १९८६ साली सुरू झालेले देशातील पहिले हॉस्पिस. होली क्रॉसच्या धर्मभगिनी तेथे रुग्णसेवा करतात. प्रत्येक तालुक्यात असे सदन उभारणे आपल्याला शक्य नाही. तथापि परिचारिका असलेल्या धर्मभगिनींना व आपल्या धर्मग्रामांतील परिचारिकांना या सेवेचे प्रशिक्षण देता येईल. शासकीय केंद्रातील आरोग्यसेविका व आशाताईंशी त्यांचा संपर्क जोडता येईल. आणि मूल गेल्यावर महिन्याने, वर्षश्राद्धाच्या मिस्साबलीपूर्वी, त्या मुलाचे नाव घेऊन त्या घराचे दार ठोठावता येईल. यासाठी निधी लागत नाही. अकरा फेब्रुवारीच्या जागतिक रुग्णदिनापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या परिसरात अशी किती घरे आहेत, एवढे तरी पाहावे.