अठराव्या वर्षानंतरची चित्रशाळा

डिसेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरी टर्नर पारितोषिकाची घोषणा झाली, आणि दृश्यकलेच्या क्षेत्रात ब्रिटनमध्ये अत्यंत मानाचे समजले जाणारे ते पारितोषिक नेना कालू या कलावतीला मिळाले. कालूबाई स्वमग्न आहेत, त्यांना बौद्धिक अक्षमता आहे, आणि शब्दांच्या द्वारे त्यांचा जगाशी होणारा व्यवहार अत्यल्प आहे. कापड, दोर, चिकटपट्ट्या आणि जुन्या व्हिडिओ-फितींचे वेढ्यांवर वेढे देत त्या प्रचंड आकाराची लोंबती शिल्पे घडवितात, आणि कागदावर तीच वर्तुळाकार गती पुनःपुन्हा रेखीत एखाद्या भोवऱ्यासारखी चित्रे काढतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला हे पारितोषिक मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याने त्याचे कौतुक झाले, ते उचितच होते. परंतु महाराष्ट्राने या घटनेतून जो बोध घ्यावा, तो माझ्या मते पारितोषिकात नसून त्याच्या पूर्वेतिहासात आहे. १९९९ पासून लंडनची ॲक्शनस्पेस ही संस्था या कलावतीला काम करण्यासाठी जागा, साहित्य आणि सोबत पुरवीत आली आहे, आणि शार्लट हॉलिन्सहेड या स्वतः कलावंत असलेल्या बाई सुमारे पाव शतक तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आहेत.

ज्यांच्या मेंदूची घडण बहुसंख्यांहून निराळी आहे, मग ते स्वमग्न असोत, बौद्धिक अक्षमता असलेले असोत, की ज्यांची अवधानाची वा अक्षरओळखीची रीत वेगळी आहे असे असोत, त्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हणण्याचा प्रघात आता पडला आहे. यांपैकी ज्यांना आयुष्यभर इतरांच्या आधाराची गरज लागते, त्यांच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. अशा व्यक्तीला कलेच्या मार्गावर जाणत्या कलावंताची प्रदीर्घ सोबत मिळणे ही समाजाची मेहेरबानी नसून तो तिचा हक्क आहे, आणि ही सोबत तिला, जेथे आपली सारी व्यवस्था हात आखडता घेते तेथून पुढे, म्हणजे शाळा संपल्यानंतर मिळाली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

हे मत केवळ भावनेवर आधारलेले नाही. त्यामागे अर्धशतकाचा अनुभव उभा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सरकारी संस्थांमधून कोंडून ठेवलेल्या विकलांग व्यक्ती जेव्हा पुन्हा समाजात येऊ लागल्या, तेव्हा एलायस कॅट्झ हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ, या दांपत्याने १९७४ मध्ये ओकलंड येथे क्रिएटिव्ह ग्रोथ या नावाने प्रौढ विकलांगांसाठी चित्रशाळा काढली. याच चित्रशाळेत १९८७ मध्ये जुडिथ स्कॉट ही त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला जन्मतः डाउन सिंड्रोम होता आणि ती बहिरी होती. पण तिचे बहिरेपण कोणाच्या लक्षात न आल्याने ती शिकण्यास अपात्र ठरविली गेली, आणि वयाच्या सातव्या वर्षापासून तिची पस्तीस वर्षे ओहायो राज्यातील संस्थांमध्ये गेली. तिच्या जुळ्या बहिणीने तिचे पालकत्व स्वतःकडे घेऊन तिला तेथून बाहेर काढले.

चित्रशाळेत आल्यावरही जवळजवळ दोन वर्षे जुडिथने रंगांत वा रेषांत काही रस दाखविला नाही. आपल्याकडील एखाद्या योजनेत दोन वर्षांच्या मुदतीनंतर 'प्रगती नाही' असा शेरा तिच्या कागदावर पडला असता आणि तिची जागा दुसऱ्या कोणाला दिली गेली असती. तेथे तिला बसू दिले. पुढे सिल्व्हिया सेव्हंटी या धाग्यांत काम करणाऱ्या कलावतीचा वर्ग तेथे भरला, आणि तो पाहता पाहता जुडिथने हाताशी येईल ती वस्तू घेऊन तिच्याभोवती सूत आणि दोरा गुंडाळण्यास प्रारंभ केला. तिला असे करण्यास कोणी सांगितले नव्हते. आणि महत्त्वाचे हे की, ते करू लागल्यावर तिला कोणी थांबविले नाही. २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने अशी सुमारे दोनशे शिल्पे घडविली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तिचे काम आहे, आणि २०१४ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने तिच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरविले.

या सोबतीचे नेमके स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. सोबत करणारा कलावंत शिष्याच्या कागदावर स्वतःची रेघ ओढीत नाही, त्याचे चित्र 'सुधारीत' नाही, आणि घोड्याला पाच पाय काढले तर पाचवा खोडीत नाही. त्याचे पहिले काम पाहण्याचे असते: हा हात कोणत्या पृष्ठभागावर रमतो, कोणता स्पर्श याला असह्य होतो, कोणत्या आवाजाने हा बिथरतो, दिवसाच्या कोणत्या प्रहरी याचे चित्त स्थिर असते. मग तो जागा, वेळ आणि साहित्याची मांडणी दररोज तशीच राहील अशी दक्षता घेतो, कारण ज्याला अनपेक्षित बदलाचा त्रास होतो, त्याच्यासाठी ओळखीची बैठक हेच स्वातंत्र्याचे पहिले साधन असते. एकच आकार तो शंभर वेळा काढीत असेल, तर त्या पुनरावृत्तीला व्याधीचे लक्षण न मानता तो तिला शोधाची रीत मानतो, आणि योग्य वेळी एखादा मोठा कागद किंवा नवा रंग केवळ समोर ठेवतो. तो स्वीकारावयाचा की बाजूस सारावयाचा, हे ठरविणे मात्र शिष्याच्या हाती असते.

निर्णयाचा हा अधिकारच या साऱ्या खटाटोपाचे मर्म आहे. ज्याने काय ल्यावे, काय खावे, कोठे बसावे आणि केव्हा निजावे हे सारे आयुष्यभर इतरांनी ठरविले, त्याला येथे रेघ कोठे थांबवावयाची हे स्वतः ठरविता येते, आणि ते दुसऱ्या माणसाने गंभीरपणे मान्य केलेले त्याला दिसते. त्यातून त्याचे स्वास्थ्य सुधारत असेल तर आनंदच आहे. परंतु उपचारापुरतेच कलेचे मोल मानले, तर चित्र काढणारा पुन्हा रुग्णच ठरतो, आणि त्याचे चित्र दप्तरातील एक नोंद बनते.

२००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने वाचनदोषाने गांजलेल्या मुलाची व्यथा आणि एका चित्रकला-शिक्षकाची सहृदयता घरोघर पोहोचविली, हे त्याचे उपकार मान्य करावयासच हवेत. तथापि त्या कथेत शिक्षक येतो, मुलाला ओळखतो, स्पर्धा होते आणि मुलगा जिंकतो. पालकांच्या मनात त्यामुळे नकळत अशी अपेक्षा रुजते की, आपल्या मुलातही एखादी दडलेली असामान्य प्रतिभा असेल आणि ती प्रकट होताच त्याचे वेगळेपण क्षम्य ठरेल. सामान्य चित्रे काढणाऱ्या मुलाचे काय? सामान्य मुलाला शिकण्याचा हक्क मिळविण्यासाठी आपण असामान्य व्हावयास सांगत नाही. मग वेगळ्या घडणीच्या मुलाकडूनच ही किंमत का वसूल करावी?

आता आपल्या प्रांताकडे वळू. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो सहा ते अठरा वर्षांपुरता आहे. त्यानंतर काही भाग्यवंतांना एखाद्या संस्थेच्या कार्यशाळेत जागा मिळते. उरलेले घरी बसतात, आणि वार्धक्याकडे झुकलेले आईबाप त्यांच्यासह बसतात. या कार्यशाळांतून राख्या, पणत्या, पाकिटे, कागदी पिशव्या तयार होतात. त्या चालविणाऱ्या शिक्षकांचे कष्ट मी पूर्णपणे जाणतो, आणि स्वकष्टाच्या चार पैशांत जी प्रतिष्ठा असते तीही जाणतो. परंतु पणतीवर कोणती नक्षी यावी हे तेथे बाजार ठरवितो आणि शिक्षक दाखवितो. हात त्या मुलाचे असतात, निर्णय त्याचा नसतो. ओकलंडमध्ये कलाकृती विकली गेली तर निम्मी किंमत ती करणाऱ्याला मिळते. म्हणजे प्रतिष्ठा आणि मिळकत यांचा कलेशी विरोध आहे, असे मानण्याचे कारण नाही.

पैसा कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे. परंतु या कामाला भव्य इमारत लागत नाही. शाळा सुटल्यावर रिकामी पडणारी चित्रकलेची खोली पुरते, नगरपालिकेचे एखादे सभागृह पुरते. माणसेही आहेत: मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून चित्रकार घडवीत आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कला महाविद्यालयांतून ए.टी.डी. आणि जी.डी. आर्ट होऊन तरुण-तरुणी दरवर्षी बाहेर पडतात, ज्यांतील अनेकांना कलेवर उपजीविका करणे दुरापास्त होते. त्यांना विशेष शिक्षकांकडून आवश्यक ते प्रशिक्षण देऊन नियमित मानधनावर नेमले, तर दोन उपेक्षित वर्गांची गाठ पडेल आणि दोघांचेही कल्याण होईल.

कायद्याचा आधारही हाताशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या एकोणतिसाव्या कलमाने दिव्यांग कलावंतांना सुविधा, साहाय्य आणि आश्रय देण्याची, आणि कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सहभागी होता येईल अशी पुनर्रचना करण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर टाकली आहे. दिव्यांगांच्या कल्याणासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने या कलमाची अंमलबजावणी इतरांच्या आधी करावी, अशी अपेक्षा बाळगणे वावगे नाही. त्या विभागाने कला संचालनालयाशी मसलत करून प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी प्रौढ दिव्यांगांसाठी निदान एक कायमची चित्रशाळा उघडण्याची तजवीज करावी. तेथील कलावंताची नेमणूक किमान पाच वर्षांची असावी. वार्षिक अहवालात 'किती प्रगती झाली' याऐवजी 'किती जणांची सोबत अखंड राहिली' हा रकाना असावा. आणि विक्रीतील कलावंताचा वाटा थेट त्याच्या नावावर जमा व्हावा.

शासन हलेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. वाचकांमध्ये जे चित्रकार, शिल्पकार, विणकर, कुंभारकाम करणारे असतील, त्यांना माझी विनंती आहे की आपल्या गावच्या विशेष शाळेत जावे, अठरा वर्षे पूर्ण होऊन घरी बसलेल्या एका विद्यार्थ्याचा पत्ता विचारावा, आणि आठवड्यातील एक ठरावीक दुपार त्याला द्यावी. वर्षभर काहीही घडले नाही तरी ती दुपार मोडू नये.