आधी छप्पर, मग डेक

खाली दुकान, मधल्या मजल्यावर मालाची खोली, त्यावर राहते घर आणि सर्वांत वर गच्ची, ही रचना आपल्या शहरांतील पेठांमध्ये अजूनही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. याच गच्चीवर पूर्वी पापड-कुरडया वाळत आणि उन्हाळ्यात अंथरुणे पडत. आता तेथे लाकडी डेक करावा, हिरवळ फुलवावी, पाहुण्यांना वर बसवावे, अशी हौस नव्या पिढीला वाटते. हौस वावगी नाही. मात्र बसण्याची जागा होण्याआधी गच्ची हे खालच्या घराचे आणि मालाचे छप्पर आहे. केवळ राहत्या घराचे छत गळले तर रंग जातो. जेथे खाली कापडाचे तागे वा धान्याची पोती आहेत, तेथे एका पावसात हंगामाचा नफा भिजतो.

प्रथम वजनाचा हिशेब. वापरातील निवासी गच्चीवर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरावा, असे भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) सांगते. १० फूट रुंद व २० फूट लांब जागा साधारण १८.५ चौरस मीटर भरते. म्हणजे एकूण पावणेतीन टन. २५ माणसे बसली तरी दीड टनच होतो, आणि येथे गृहस्थ निश्चिंत होतो. परंतु ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,८०० किलोच्या घरात असते. १५ सेंटिमीटर जाडीचा मातीचा वाफा दर चौरस मीटरला २७० किलो भार टाकतो. एकूण बेरीज मर्यादेत दिसली तरी त्या जागी मर्यादा ओलांडलेली असते. ताळेबंद जुळला म्हणजे प्रत्येक खाते निरोगी असते असे नाही, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावे! म्हणून वाफ्याऐवजी कोकोपीट मिसळलेल्या हलक्या कुंड्या घ्याव्यात आणि त्या तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवाव्यात. घर जुने, भिंतींवर भार पेलणारे असेल, तर संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय मिळेपर्यंत एक फळीही वर नेऊ नये.

दुसरा विषय पाण्याचा, आणि खरे नुकसान येथेच होते. डेकची चौकट घट्ट बसावी म्हणून कारागीर कोब्यात छिद्रे पाडून खिळे-बोल्ट ठोकतात. त्या प्रत्येक छिद्रातून जलरोधक थर फुटतो आणि वर फळ्या असल्याने गळती नेमकी कोठे आहे ते कळतही नाही. चौकट उंची कमीजास्त करता येणाऱ्या पायांवर नुसती टेकलेली असावी. गच्चीचा मूळ उतार व पावसाळी पाइपची तोंडे मोकळी राहावीत. फळ्या उचलता येतील अशा चौकोनी तुकड्यांत बसवाव्यात. खाली पाला कुजून ओल धरली की जीवजंतू होतात. ते होऊ नयेत म्हणून मऊ झाडू फिरवण्याची सोय आपल्या घरांत हवीच. माझा आग्रह असा की, दिवाळीनंतर जलरोधनाचे काम करावे, एक पूर्ण पावसाळा खालची छते पाहावीत आणि मगच डेकचा खर्च करावा. मुलांना हा विलंब पटत नाही. मालाची खोली मात्र त्यांना दाखवावी.

कठड्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक मीटर उंचीच्या कठड्यापाशी १५ सेंटिमीटर उंचीचा डेक आला की कठडा तेवढाच ठेंगणा होतो. घरात लहान मुले असतील तर वर लोखंडी आडवी नळी वाढवणे क्रमप्राप्त आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. सुटा डेक निराळा आणि पत्र्याचे कायम छत निराळे. दुसऱ्यासाठी नगरपालिकेची परवानगी आधी विचारावी. तारण घरांच्या फायली पाहताना मंजूर नकाशात नसलेले बांधकाम मूल्यांकनात अडथळा ठरलेले मी अनेकदा पाहिले आहे. घर भावाभावांत सामाईक असेल तर वापर व दुरुस्तीखर्च यांचा उल्लेख वाटणीपत्रात किंवा निदान साध्या लेखी कराराने व्हावा. सदनिकांच्या इमारतीत गच्ची सर्वांची असते, तेथे संस्थेच्या ठरावाशिवाय हा विचारच नको.

राहता राहिली सावली. आपल्याकडे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते, म्हणजे डेकचा मुख्य वापर ऊन तिरपे येते त्याच वेळी. डोक्यावरचा मांडव तेव्हा निरुपयोगी ठरतो. पश्चिमेच्या बाजूला बांबूचे, गुंडाळता येणारे पडदे लावावेत. वळवाच्या वाऱ्यात ते तत्काळ उतरवता येतात. प्लॅस्टिकमिश्रित फळ्या वैशाखात अनवाणी पायांना चटके देतात, म्हणून जेवायच्या जागी तरी सागवान घ्यावे. आणि शेवटच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा असावा, नाहीतर आजी खालीच राहतील.