मुलांचे डोळे आणि मोबाइलवरचे स्टार

मुलाच्या डोळ्यांचा डॉक्टर गुगलवरचे स्टार मोजून निवडू नका. म्हसावदहून नंदुरबार, धुळे किंवा सुरत गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं. त्यामुळे निघण्याआधी तुम्ही मोबाइलवर शोधता, हे समजू शकतो. पण ते रिव्ह्यू एकदा नीट वाचा. दोन तास बसवून ठेवलं, थेंब टाकून पोराला रडवलं, एवढ्याशा मुलाला चष्मा लावला, यासाठी एक स्टार. एसी आहे, खेळणी आहेत, पाच मिनिटांत मोकळे झालो, यासाठी पाच.

लहान मूल ‘मला दिसत नाही’ असं सहसा सांगत नाही. त्याचा नंबर मोजताना डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो आणि खरा नंबर, विशेषतः प्लसचा, लपून राहतो. तो स्नायू सैल करायला आणि बाहुली मोठी करून आतला पडदा पाहायला थेंब टाकावेच लागतात. ते झोंबतात, मूल रडतं. औषधाचा असर व्हायला अर्धा-पाऊण तास जातो, कधी थेंब पुन्हा टाकावे लागतात. म्हणजे ज्या दोन तासांसाठी स्टार कापले, त्यातला बराचसा वेळ तपासणीचाच होता. पाच मिनिटांत मोकळं करणाऱ्याने थेंब टाकले होते का, हे मात्र कुणी लिहीत नाही.

आळशी डोळ्याचं तर याहून वाईट. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र वापरायचंच सोडतो. उपाय म्हणजे चष्मा, आणि बहुतेकदा चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, तीही कित्येक महिने. सात-आठ वर्षांच्या आत हे केलं तर सर्वांत जास्त फायदा होतो. पुढे तो कमी होत जातो. पट्टीने मूल चिडतं, आजी म्हणते चांगलाच डोळा झाकला, हा कसला डॉक्टर! त्या आठवड्यात त्याला पाच स्टार कोण देणार? ‘मोठा झाला की तिरळेपणा आपोआप जाईल’ म्हणणाऱ्यावर घर खूश असतं. तिरळा डोळा नशिबाचा मानणारेही आपल्याकडे आहेतच. मग पोलीस भरतीच्या मेडिकलला एकेक डोळा झाकून तपासतात, तेव्हा कळतं की एक डोळा कधी वापरलाच गेला नाही. तोवर रिव्ह्यू लिहिणारा तो रिव्ह्यू विसरलेला असतो.

शिवाय लिहितो बाप, डोळा मुलाचा. धडगाव-तोरणमाळच्या पाड्यावरची आई तर लिहीतच नाही. आणि स्टार मिळवतासुद्धा येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमावलीत डॉक्टरांनी रुग्णांकडून रिव्ह्यू मागू नयेत, पैसे देऊन रेटिंग वाढवू नये, असं होतं. त्याच महिन्यात ती नियमावली स्थगित झाली.

एक तक्रार मात्र मी गंभीरपणे घेतो: ‘डॉक्टरांनी काही समजावून सांगितलं नाही.’ पट्टी का लावायची हे आईला कळलं नाही, तर ती पट्टी चार दिवसांत उकिरड्यावर जाते. निदान अचूक असूनही उपचार वाया. अशी तक्रार दहा जण करत असतील, तर दुसरा डॉक्टर शोधा.

बाकी तुम्हीच विचारा. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले का? थेंब टाकून नंबर काढला का? पुन्हा कधी यायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांनी डोळ्यांसाठी चिठ्ठी दिली असेल, तर ती घेऊन जा. तिला स्टार नसतात म्हणून खुंटीला लटकवू नका.

आणि बाळाच्या बाहुलीत किंवा फ्लॅशच्या फोटोत पांढरी चमक दिसली, तर रिव्ह्यू वाचत बसूच नका. ती मोतीबिंदूची असू शकते, डोळ्यातल्या कॅन्सरचीही असू शकते. जो नेत्रतज्ज्ञ सर्वांत आधी भेटेल, त्याच्याकडे उद्याच जा.