शिस्तीतला संताप
अरुणावतीच्या काठच्या आमच्या आर्णीत ज्यांच्या कानांवर कव्वाली, भजन आणि पोळ्याची डफडी पडत आली, त्यांना उजव्या तळहाताची कड तारांवर दाबून तुकड्यातुकड्यांनी तोडत नेलेला थ्रॅश मेटलचा गिटारनाद प्रथमश्रवणी निव्वळ कोलाहल वाटेल. परंतु १९८६ साली स्लेयर या थ्रॅश बँडने ‘रेन इन ब्लड’ या अल्बममध्ये दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत बसवली, तेव्हा त्या आक्रमकतेला विलक्षण शिस्त होती, आणि पुढे केवळ वेगाची नक्कल करणाऱ्यांना नेमकी तीच साधली नाही. मुंबईच्या सेप्टर या बँडने २०१३ साली ‘एज ऑफ कॅलॅमिटी’त हा संताप स्त्रियांवरील अत्याचारांकडे वळवला, आणि वादनशैली परमुलखातली असूनही फिर्याद आपल्याच मुलखातली असल्यामुळे त्या अल्बमला मी अस्सल मानतो; ती फिर्याद याहून सौम्य स्वरात दाखल व्हावी, असे मला मुळीच वाटत नाही.